मुलाखत कशाला? घमेलं द्या हातात!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्राला कारण माझी नात आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे कुणी म्हणेल म्हातारा निःपक्षपातीपणाचा आव आणून नातीची वकिली करतोय. वकिली करतोच आहे.

नात यंदा बारावी होऊन बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गेली. कॉलेज नाशिकमधलंच. नाव लिहीत नाही, कारण चौकशी केली तेव्हा कळलं की हा प्रकार त्या एकाच ठिकाणी नाही. तिनं राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, फॉर्म भरला. मी नोकरीत होतो तेव्हा हा फॉर्म म्हणजे पाठपोट एक कागद असायचा. नाव, वर्ग, रक्तगट, पालकांची सही, संपलं. हिला मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे तिसऱ्या वर्षाची दोन मुलं आणि एक मुलगी, गळ्यात ओळखपत्रं, समोर पाण्याच्या बाटल्या. पहिला प्रश्न, तुझ्यात युनिक काय आहे? दुसरा, स्टेजवर अँकरिंग केलंयस का? तिसरा, रील एडिट करता येतात का? पोरगी मुळात कमी बोलणारी. माझी मुलगी दिंडोरी रोडला मेस चालवते, तिथं ही सहावीपासून पोळ्या लाटते. तिनं सांगितलं, "मला पन्नास माणसांचा स्वयंपाक येतो." ते तिघं एकमेकांकडे बघून हसले म्हणे. संध्याकाळी यादी लागली. ही प्रतीक्षा यादीत, सतरावी.

रात्री जेवताना मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही एवढी वर्षं एनएसएसबरोबर जायचात. तुम्हाला विचारलं होतं का कुणी, तुमच्यात युनिक काय म्हणून?" मी म्हटलं, "बाई, मला तर येतोस का हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. टेम्पोत बस म्हणाले."

खरंच तसंच झालं होतं. मी स्वयंसेवक नव्हतो आणि कार्यक्रम अधिकारी तर नव्हतोच, ते प्राध्यापक असतात. मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर. पण एनएसएसची अवजारं आमच्या लॅबमागच्या खोलीत ठेवलेली आणि त्या खोलीची किल्ली माझ्या जुडग्यात. त्यामुळे हिवाळी शिबिर निघालं की अवजारांबरोबर माझीही रवानगी. तेव्हा शिबिर दहा दिवसांचं असायचं, पुढे सात दिवसांचं झालं. निवृत्तीपर्यंत अशी सव्वीस शिबिरं झाली. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची गावं, इगतपुरीच्या वरचे पाडे. घरची मंडळी म्हणायची, "यांना डिसेंबरात बदली मिळते."

चाळीस फावडी, वीस टिकाव, आठ पहारी, ऐंशी घमेली. सकाळी श्रमदानाला निघताना मोजून द्यायची, दुपारी मोजून घ्यायची. एवढंच माझं काम. पण सात दिवस दोन्ही वेळा मोजदाद केली की माणसं कळतात. काही मुलं घमेलं ओढ्यात खळखळून आणायची, आत हात फिरवून बघायची. काही चिखलासकट दाणकन आपटून चहाच्या रांगेत पळायची. एखादा स्वतःचं आणून पुन्हा मागे जायचा आणि बंधाऱ्यावर कुणी विसरलेली तीन-चार एकात एक घालून डोक्यावर घेऊन यायचा. तो कोण असेल हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता यायचं नाही. मलाही नाही. सव्वीस शिबिरांत मी पहिल्या संध्याकाळी मनाशी पैज लावायचो आणि निम्म्याहून अधिक वेळा हरायचो. मग पाच मिनिटांच्या मुलाखतीत तिसऱ्या वर्षाच्या पोरांना ते कसं कळतं, हा माझा पहिला प्रश्न.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. बोधवाक्य 'नॉट मी, बट यू'. आमच्या अवजारांच्या खोलीच्या दारावर एका स्वयंसेवकानं ते ऑइलपेंटनं रंगवलं होतं, 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी'. शेवटचा 'ठी' दाराच्या कडीखाली गेला होता. ज्या योजनेचं बोधवाक्य हे, तिच्या दारातला पहिला प्रश्न 'तुझ्यात वेगळं काय?' असावा याचं मला अजून हसू येतं. रडू येण्याचं वय गेलं.

आता मुलाखत घेणाऱ्यांची अडचण. ती खोटी नाही. एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे एक युनिट, म्हणजे शंभर स्वयंसेवक. फॉर्म येतात त्याच्या तिप्पट. आम्ही एके काळी वर्गावर्गांत जाऊन "या रे कुणीतरी" म्हणायचो, तरी ऐंशीच्या पुढे आकडा सरकायचा नाही. आता एनएसएसमुळे मिळणाऱ्या दहा वाढीव गुणांची बातमी प्रवेशाच्या रांगेतच पोचलेली असते. त्यात नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएसला क्रेडिट आलं. गर्दी होणारच. गुणांसाठी येणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पोटासाठी नोकरी धरलेला माणूसही काम मनापासून करू शकतो, मी केलंच की. पण तिनशेतून शंभर निवडायचे म्हटल्यावर चाळणी लागते हे मला मान्य आहे. माझं म्हणणं चाळणी कोणती आणि कुठं लावायची, एवढंच.

बोलण्याच्या चाळणीतून कोण गळतं ते बघा. आपल्या कॉलेजांत पेठ, सुरगाणा, कळवणकडची मुलं आदिवासी वसतिगृहात राहून शिकतात. घरी कोकणा बोली, शाळा आश्रमशाळा. त्यांना "तुमची स्ट्रेंग्थ सांगा" म्हटलं की ती खाली बघतात. मग यादीत लागतात शहरातली चटपटीत मुलं. डिसेंबरात तीच मुलं बस भरून पेठ तालुक्यात जातात आणि पहिल्या दिवशी विचारतात, "काका, इथं नेटवर्क कुठं येतं?" ज्यांच्या गावात आपण सेवा करायला जातो त्याच गावची पोरं आपल्या मुलाखतीत नापास होतात! खुद्द योजनेच्या पुस्तिकेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना आवर्जून सामावून घ्या, असं सांगितलेलं आहे. ती पुस्तिका आमच्या साहेबांच्या कपाटात होती. त्यावर ते चहाचा कप ठेवायचे, म्हणून मला तिचं मुखपृष्ठ चांगलं लक्षात आहे. आतलं मी पुढे वाचलं, साहेब सुट्टीवर असताना.

एक पोरगा सांगतो. सातपूरला एका कारखान्यात रात्रपाळी करायचा, सकाळी साडेसातला लेक्चरला हजर. सात दिवसांची रजा काढून शिबिराला आला. सावळघाट ओलांडून पुढे एका पाड्यावर आमचं शिबिर होतं. दुपारी बौद्धिक सुरू झालं की हा भिंतीला टेकून झोपायचा. तिसऱ्या दिवशी पाहुणे वक्ते नाराज झाले. गटप्रमुखानं साहेबांना सांगितलं, "सर, हा शिस्तीत बसत नाही, परत पाठवू या." साहेब म्हणाले, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर वनराई बंधारा घालत होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गावात, बांधकामांवर मागून गोळा करायच्या. त्यात वाळू-माती भरायची, तोंड दाभणानं सुतळी ओढून शिवायचं आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. गोणी पूर्ण गच्च भरायची नाही. थोडी सैल ठेवली तर ती बसते, शेजारणीला धरते. गच्च भरलेल्या गोण्या दगडासारख्या राहतात आणि मधून पाणी निघतं. रचताना विटांसारखे सांधे मोडायचे, म्हणजे खालच्या दोन गोण्यांच्या फटीवर वरच्या गोणीचं पोट यायला हवं. पाण्याच्या अंगाला चिकण माती थापायची. खरं तर हे काम पावसाळा सरता सरता व्हावं, ओढा चांगला वाहता असताना. पण तेव्हा आपल्या परीक्षा. त्यामुळे आपण डिसेंबरात जातो आणि करंगळीएवढी धार अडवतो. विद्यापीठाला हे कुणीतरी सांगा. वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तर पन्नास मुलांची साखळी लागलेली, घोषणा चाललेल्या, फोटो चाललेले. चार थर झाले. हा पोरगा साखळीतून बाहेर आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "फाटा सरळ वर चढलाय. उचला सगळं." म्हणजे चारही थरांचे सांधे एकाखाली एक आलेले. कारखान्यात माल थप्पीला लावायचं त्याचं काम, नजर तयार होती. मुलं चिडली. गटप्रमुख म्हणाला, "चालतंय रे, दोन महिन्यांनी ओढा आटणारच आहे." पोरगा काही बोलला नाही. एकटाच वरची गोणी उचलायला लागला. दहा मिनिटं तो एकटा उचलत होता आणि आम्ही सगळे बघत होतो. मीसुद्धा बघत होतो, हे कबूल करतो. मग गावातला एक म्हातारा पाण्यात उतरला, त्याच्यामागे दोन मुली आणि मग सगळेच. तीन थर काढून पुन्हा रचले. अंधार पडला. फेब्रुवारीत साहेबांबरोबर गेलो तेव्हा गुडघाभर पाणी होतं आणि गावातल्या म्हशी त्यात सुखानं बसल्या होत्या.

त्या पोरानं समारोपालाही झोप काढली, आमदार बोलत असताना. पुढच्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही, तास भरले नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्रही नाही. आणि ते योग्यच झालं. तास भरले नाहीत तर प्रमाणपत्र नाही, हा नियम मला पटतो. पण त्याला दारातच अडवलं असतं तर बंधारा गळका झाला असता.

बोलणारी मुलं नकोत असं मी म्हणत नाही. हरसूलकडच्या एका शिबिरात आरोग्य तपासणीला बायका येईनात. डॉक्टर दोन तास खुर्चीवर बसून होते. आमच्यातली एक मुलगी, अखंड बडबडी, मीच तिला 'आकाशवाणी' म्हणायचो, ती एका घरात जाऊन चुलीपुढे बसली. नागलीची भाकरी थापायला मागितली, ती मोडली, सगळ्या हसल्या. तासाभरात तिच्यामागे चौदा बायका. तेव्हा जीभही अवजारच आहे. पण ऐंशी घमेल्यांच्या खोलीत सगळ्या पहारीच भरून ठेवल्या तर काम कसं व्हायचं?

आता चाळणीचं. नवीन काही शोधून काढायची गरज नाही, ती योजनेतच आहे. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास द्यायचे, दोन वर्षांत २४०, आणि एक विशेष शिबिर. त्या १२० तासांतले पहिले २० तास ओळखीचे, शिकण्याचे. योजना काय, गावात कसं वागायचं, प्रथमोपचार, पाहणी कशी करायची. हे २० तास बहुतेक ठिकाणी एका दुपारी सभागृहात पाहुण्यांचं भाषण आणि बटाटेवडा यांत उरकतात आणि वहीत २० लिहितात. ते खरे घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या तिनशेच्या तिनशे मुलांना त्यात बसवा. शनिवारी दुपारी दोन-दोन तास. हजेरी रोज, त्याच वेळी, मागाहून नाही. आणि शेवटची परीक्षा अनंत चतुर्दशीला गोदाघाटावर.

ज्यांनी निर्माल्य गोळा करायचं काम केलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दुपारी बारापासून रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं. पायाखाली चिखल, फुलं, नारळाच्या शेंड्या. एक जण मूर्ती दान करतो, दुसरा म्हणतो आमचा गणपती नदीतच जाणार, तू कोण सांगणारा? त्याच्याशी वाद घालायचा नाही, हात जोडायचे. एखादी आजी मूर्ती हातात देताना रडते, तिची मूर्ती ढिगात टाकायची नाही, दोन्ही हातांनी नेऊन ठेवायची, ती वळून बघत असते. सात तासांनी सेल्फी काढणारे घरी गेलेले असतात. जे उरतात ते मोजा. माझा अनुभव असा की शंभराच्या आसपासच उरतात. कुणाला नाकारावं लागत नाही, कुणाच्या तोंडावर हसावं लागत नाही, ज्याचं त्याला कळतं.

त्यापुढची निवड शिबिरासाठी. शंभरांतून शिबिराला पन्नास न्यायचे असतात, तिथं यादी करावीच लागते. ती तासांच्या वहीवरून करा. वही सूचना फलकावर लावा. ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावी.

पण वही खरी हवी. इथं मला माझंच एक सांगावं लागेल. एका वर्षी, कोणत्या ते जाऊ द्या, विद्यापीठाला अहवाल पाठवायची तारीख आली आणि वही अर्धी कोरी. मला बसवलं. म्हणाले तुझं अक्षर चांगलं आहे, सगळ्यांचे १२० करून टाक. मी केले. दोन रात्री बसून, वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे रोजची वाटावी. कॉलेजच्या आवारातल्या कामाला १२० पैकी ३० तासांची मर्यादा आहे, ओळखीचे २० सोडून उरलेले ७० बाहेर, वस्तीत किंवा दत्तक गावात द्यायचे असतात. आमच्या वहीत मुलांनी तीन महिने कॉलेजचा बगीचाच झाडला होता. तरी कुणी विचारलं नाही. आठवड्यानं एक मुलगी लॅबमध्ये आली. स्वतःची डायरी उघडून म्हणाली, "काका, माझे ९४ झालेत. वहीत १२० कसे?" मी म्हटलं, अगं तुझा फायदाच आहे. ती म्हणाली, "मग माझे ९४ कुठं गेले?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. १२० च्या ढिगात तिचे खरे ९४ दिसेनासे झाले होते. तिनं तिचा आकडा खोडायला लावला आणि राहिलेले २६ तास जिल्हा रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत म्हाताऱ्यांना मदत करून पुरे केले. अख्ख्या वहीत खोडाखोड तेवढी एकच. आणि खरी नोंदही तेवढीच.

त्यानंतर मी वही लिहायला नकार दिला. साहेब महिनाभर बोलत नव्हते. किल्ली मात्र माझ्याकडेच ठेवली.

आता जुन्यांचं, म्हणजे जे टेबलापलीकडे बसतात त्यांचं. माझी पुतणी अमेरिकेत असते. तिचा मुलगा तिकडे कॉलेजात अल्फा फाय ओमेगा नावाच्या विद्यार्थी मंडळात गेला. तिकडे अशा मंडळांना फ्रॅटर्निटी म्हणतात, बंधुमंडळच म्हणा. हे मंडळ सेवेसाठी. १९२५ साली पेन्सिल्व्हेनियातल्या लाफायेत कॉलेजात सुरू झालं, स्काउटच्या विचारातून. १९७६ पासून मुलीही सभासद होतात आणि त्यांनाही 'ब्रदर'च म्हणतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींची फार करमणूक झाली. नवा सभासद लगेच पक्का होत नाही. काही आठवडे त्याची उमेदवारी असते, त्यात तास भरायचे, जुन्यांच्या ओळखी करून घ्यायच्या. किती तास, ते त्या त्या कॉलेजातली शाखा ठरवते. नव्यांना छळायला सक्त मनाई. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे नव्यांना किती तास?" मी अभिमानानं म्हटलं, एकशे वीस. "आणि जुन्यांना?" मी म्हटलं, तेवढेच. मग त्याच्या आईला ऐकू जाणार नाही असं हळूच म्हटलं, कागदावर.

कारण मी बघितलंय. दुसऱ्या वर्षी गळ्यात गटप्रमुखाची फीत आली की हातातलं फावडं सुटतं. माइक येतो, शिट्टी येते. नव्यांनी गोण्या वाहायच्या, यांनी "एक दो, एक दो" करायचं. एका शिबिरात रात्री बघतो तो पहिल्या वर्षाची चार मुलं थंडीत विहिरीवर बसून जुन्यांची खरकटी ताटं घासतायत. विचारलं तर म्हणाले, "काका, परंपरा आहे." मी ताटं तिथंच ठेवायला लावली. सकाळी नाश्त्याला जुन्यांना आपापलं ताट आपणच शोधून घासावं लागलं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला, पण 'सेवा' या शब्दाआड पुष्कळ काही खपतं. तेव्हा मुलाखतच घ्यायची असेल तर टेबलावर आधी घेणाऱ्यांच्या डायऱ्या ठेवा. ज्याचे गेल्या वर्षीचे १२० खरे भरलेत त्यानं प्रश्न विचारावा. बाकीच्यांनी नव्यांच्या रांगेत बसावं. नातीच्या मुलाखतीत अशी अट असती तर टेबलापलीकडे किती खुर्च्या भरल्या असत्या, मला खरोखर कुतूहल आहे.

काही अटी दारातच हव्यात, हेही सांगतो. रक्तदान शिबिरात उत्साहाच्या भरात सतरा वर्षांची मुलं ओळीत उभी राहतात. वय अठरा पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो, हे बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका. विसर्जनाला कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. आणि मुलींच्या बाबतीत 'घरची परवानगी आणा' एवढं म्हणून हात झटकू नका. आमच्याकडे एक मॅडम होत्या, त्या शिबिराआधीचे दोन रविवार सिटी बसनं आणि रिक्षानं मुलींच्या घरी जायच्या, आईशी बोलायच्या, राहायची खोली कुठं, रात्री दाराशी कोण, हे सांगायच्या. त्या वर्षी पन्नासांत सत्तावीस मुली होत्या. मॅडम बदलून गेल्या, पुढच्या वर्षी अकरा.

सिंहस्थ २०२७ ला आहे. स्वयंसेवक हजारोंनी लागतील आणि कॉलेजांना पत्रं येतील. २०१५ ला मी होतो. १८ सप्टेंबर, नाशिकची तिसरी पर्वणी, ऋषिपंचमी, वरून पाऊस. हरवले-सापडलेच्या मंडपात माइकवर आमची चुणचुणीत मुलं, नावं-गावं पुकारायला. एक म्हातारी आणून बसवली होती, नखशिखान्त भिजलेली. भाषा कुणाला कळेना, निमाडकडची असावी. गाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं, ती एकच शब्द म्हणायची, "पीपल, पीपल." मुलांनी 'पीपल गावच्या आजी' म्हणून चार वेळा पुकारा केला. मी पाण्याच्या बाटल्यांजवळ होतो. आमच्यात एक अडखळत बोलणारा मुलगा होता, त्याला माइकवर घेतलं नव्हतं, बाटल्या उचलायला माझ्याकडे दिला होता. तो आजीशेजारी जाऊन बसला. बराच वेळ नुसता बसला. मग मला म्हणाला, "का-काका, मुलानं हिला पिं-पिंपळाखाली बस म्हटलंय." स्वतःचा रेनकोट तिला घालून तो तिला घेऊन निघाला. एक पिंपळ झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या पारावर तिचा मुलगा डोक्याला हात लावून बसलेला.

त्या मुलाला आजच्या मुलाखतीत किती गुण मिळाले असते, कार्यक्रम अधिकाऱ्यांनीच सांगावं. यातले पुष्कळ जण जीव तोडून काम करतात, स्वतःचा वर्ग, परीक्षा सांभाळून, आणि खिशातूनही घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना दुखवायला हे लिहीत नाही. त्यांच्यापैकी कुणी आपल्या दैनिकात उत्तर दिलं तर बरंच होईल. विशेषतः २० तासांचं मी म्हणतो ते तिनशे मुलांना जमवताना काय अडतं, खोली की वेळ की माणसं, ते मला ऐकायचं आहे. माणसांची अडचण असेल तर आमच्यासारखे निवृत्त परिचर, लिपिक, मुकादम गावात पुष्कळ आहेत. शनिवारी दुपारी आम्हाला झोपेशिवाय दुसरं काम नसतं. दाभण कसं चालवायचं, गोणी किती भरायची, टिकाव मारताना मागे कोण उभं आहे हे आधी बघायचं, एवढं आम्ही शिकवू. मानधन नको, चहा पुरे.

नातीला काल फोन आला. प्रतीक्षा यादीतल्यांना शनिवारी पुन्हा बोलावलंय, "थोडी तयारी करून ये" असा निरोप. तिनं विचारलं, "आप्पा, काय तयारी करू?" मी म्हटलं, जाताना मेसमधलं मोठं पातेलं घेऊन जा. ती चिडली. तिची आई म्हणाली, पातेलं मिळणार नाही, शनिवारी फीस्ट असते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
पंचवटी, नाशिक

(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती. नात त्याच कॉलेजात शिकते.)